औषध एक, गुण निराळा : मधुमेहाची गोळी, जनुके आणि आतड्यांतील जीवाणू

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीपुढे दोन रुग्ण उभे आहेत. दोघांचेही वय पन्नाशीच्या आसपास, दोघांनाही नुकताच मधुमेह आढळलेला आणि दोघांच्याही हाती मेटफॉर्मिनची तीच गोळी. तीन महिन्यांनी पहिल्याची रक्तशर्करा आटोक्यात येते. दुसऱ्याच्या रक्तशर्करेत फारसा फरक पडत नाही. उलट मळमळ, पोटफुगी व जुलाब यांनी तो हैराण होतो आणि अखेर कोणालाही न सांगता गोळी बंद करतो. नोंदवहीत शेरा पडतो : "रुग्ण नियमित औषध घेत नाही." घरची माणसेही पथ्य पाळत नाही म्हणून त्यालाच बोल लावतात.

हा बोल काही वेळा खरा असतो. पण प्रत्येक वेळी तो खरा असतोच असे नाही. "व्यक्ती तितक्या प्रकृती" ही आपल्याकडील जुनी उक्ती. एकच औषध सर्वांना सारखे मानवत नाही, हा अनुभव वैद्यांना व घरातील वडीलधाऱ्यांना पूर्वापार आहे. असे का होते, याचा शोध मात्र गेल्या दोन दशकांत शास्त्रीय पद्धतीने घेतला गेला. या शोधाचे दोन धागे आहेत. एक धागा आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकांचा, तर दुसरा आतड्यांत वस्ती करून राहिलेल्या असंख्य जीवाणूंचा.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने २००८ ते २०२० या काळात देशभर झालेल्या व १ लाख १३ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या संख्येतील अल्प प्रमाणात रुग्णांना जरी एखादी गोळी मानवत नसली, तरी त्यांची संख्या लाखोंच्या घरात जाते.

एका रानफुलाची देणगी

मेटफॉर्मिनचे मूळ एका साध्या वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाचे जांभळट फुलांचे झुडूप रानोमाळ उगवते. तेथील लोकवैद्यकात त्याचा वापर शतकानुशतके होत असे. या वनस्पतीत ग्वानिडीन वर्गातील द्रव्ये असतात व ती रक्तातील साखर उतरवितात, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्षात आले. १९२२ मध्ये डब्लिन येथे एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी मेटफॉर्मिन हे रसायन प्रथम तयार केले. परंतु त्याच सुमारास इन्सुलिनचा शोध लागल्याने या रसायनाकडे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही. १९५७ मध्ये फ्रान्समधील डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांवरील त्याच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले आणि त्याचा वापर सुरू झाला. अमेरिकेत त्याला मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. १९९८ मध्ये ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाने या औषधाची उपयुक्तता ठळकपणे पुढे आणली. आज जगभर टाइप २ मधुमेहात सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी ही एक होय. ती स्वस्त आहे, तिने वजन वाढत नाही आणि एकटी घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही तिला स्थान आहे.

गोळीचा शरीरातील प्रवास

बहुतेक औषधांची यकृतात मोडतोड होते. मेटफॉर्मिनची तशी मोडतोड होत नाही. पोटात गेलेल्या मात्रेपैकी साधारण निम्मा भाग रक्तात शोषला जातो व तो पुढे मूत्रपिंडांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणूनच ज्यांची मूत्रपिंडे क्षीण झाली आहेत, त्यांना ही गोळी कमी मात्रेत द्यावी लागते किंवा बंद करावी लागते.

मेटफॉर्मिनचा रेणू पेशीच्या आवरणातून आपोआप सहजी आत शिरू शकत नाही. त्याला आत घेण्यासाठी व बाहेर सोडण्यासाठी पेशीच्या आवरणावर विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना वाहक प्रथिने म्हणता येईल. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणाऱ्या नावाड्यांसारखे त्यांचे काम असते. आतड्यात, यकृतात व मूत्रपिंडांत असे निरनिराळे नावाडी आहेत. यकृताच्या पेशींत औषध पोहोचविणाऱ्या प्रमुख वाहकाला ओसीटी-१ असे नाव आहे. यकृत रात्रंदिवस साखर तयार करून रक्तात सोडत असते. मेटफॉर्मिन या निर्मितीस आवर घालते. तेव्हा नावाडी दुबळा असेल, तर औषध आपल्या कार्यस्थळी पुरेसे पोहोचणार नाही, हे उघड आहे.

हे वाहक प्रथिन कसे घडवावे, याची आज्ञा जनुकात असते. जनुकातील एखादे अक्षर बदलले की प्रथिनाची घडण बदलते. २००७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ओसीटी-१ च्या जनुकात असे बदल असलेल्यांमध्ये मेटफॉर्मिनचा रक्तशर्करा उतरविण्याचा परिणाम कमी आढळला. मात्र प्रत्यक्ष रुग्णांच्या मोठ्या गटांत हा फरक तितका ठळक दिसला नाही. एका जनुकावर सर्व भार टाकता येत नाही, हा धडा संशोधकांना यातून मिळाला.

जनुकांची साक्ष

या क्षेत्रातील पुष्कळसे काम स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात झाले. त्या परिसरातील मधुमेही रुग्णांच्या औषधांच्या व तपासण्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे व्यवस्थित ठेवल्या गेल्या होत्या. रुग्णांच्या संमतीने त्यांच्या रक्तातील जनुकीय माहिती या नोंदींशी जुळवून पाहता आली. शासकीय नोंदवही नीट ठेवली, तर तिच्यातून विज्ञान कसे पुढे जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी आता सर्वपरिचित आहे. मेटफॉर्मिनने ही पातळी कोणाची किती उतरते, यातील फरकापैकी ३४ टक्क्यांपर्यंतचा वाटा आनुवंशिक असावा, असा अंदाज २०१४ मध्ये डंडी येथील अभ्यासावरून मांडण्यात आला. हा वाटा एखाद्या बलवान जनुकाचा नसून अनेक लहान लहान बदलांच्या एकत्रित परिणामाचा असतो. २०११ मध्ये एटीएम या जनुकाजवळील बदलाचा मेटफॉर्मिनच्या गुणाशी संबंध दिसून आला. परंतु त्याने एकूण फरकाचा जेमतेम अडीच टक्के भाग उलगडत होता. पुढील अभ्यासांपैकी काहींत त्याला दुजोरा मिळाला, काहींत मिळाला नाही.

२०१६ मध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून आणखी एक दुवा हाती आला. यकृतातून साखरेची ने-आण करणाऱ्या वाहक प्रथिनाच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांना मेटफॉर्मिनचा गुण अधिक येतो, असे आढळले. स्थूल व्यक्तींमध्ये हा बदल आईवडील दोघांकडून आलेला असल्यास मिळणारा जादा लाभ सुमारे ५५० मिलिग्रॅम जादा मात्रा घेण्याइतका होता. म्हणजे एखाद्याला एका गोळीत जे साधते, त्यासाठी दुसऱ्याला दोन गोळ्या लागू शकतात.

पोट बिघडण्यामागील कारणही काही प्रमाणात उलगडले आहे. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांना पोटाच्या तक्रारी होतात आणि सुमारे ५ टक्क्यांना गोळी सोडावीच लागते. २०१५ मध्ये डंडी येथील संशोधकांना असे आढळले की, ओसीटी-१ जनुकाच्या दोन्ही प्रती दुबळ्या असलेल्यांमध्ये औषध न मानवण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. त्यातच अम्लपित्तावरील काही गोळ्यांसारखी, या वाहकाला अडथळा करणारी औषधे चालू असतील, तर ती चौपटीहून अधिक होते. तेव्हा गोळी घेतल्यावर पोट बिघडते, अशी तक्रार करणारा रुग्ण सबब सांगत असतो, असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या तक्रारीला शारीरिक आधार असू शकतो.

बाळाची सुई सुटते तेव्हा

टाइप २ मधुमेहात जनुकांचा प्रभाव असा विखुरलेला असतो. मधुमेहाच्या काही विरळ प्रकारांत मात्र एकाच जनुकातील दोषाने सर्व चित्र बदलते. काही अर्भकांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. पूर्वी अशा बाळांना टाइप १ मधुमेह झाला असे मानून जन्मभर इन्सुलिनची सुई दिली जात असे. २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथील संशोधकांनी दाखवून दिले की, यांपैकी अनेक बाळांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शाबूत असतात. पेशीच्या आवरणावरील पोटॅशियमची झडप जनुकीय दोषामुळे मिटत नाही आणि ती न मिटल्यामुळे तयार इन्सुलिन बाहेर पडत नाही.

ही झडप मिटविणारे औषध पूर्वीपासून उपलब्ध होते. सल्फोनिल्युरिया गटातील साध्या गोळ्या नेमके हेच कार्य करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या ४९ रुग्णांना या गोळ्या देण्यात आल्या. त्यांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन पूर्णपणे बंद करता आले. दिवसातून अनेकदा सुई टोचून घेणाऱ्या लेकराला गोळी पुरेशी ठरावी, याचा त्या घराला केवढा दिलासा असेल, हे सांगावयास नको. म्हणूनच सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकीय तपासणी व्हावी, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. चेन्नई येथील मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानने भारतात या प्रकारच्या तपासणीचे व संशोधनाचे काम केले आहे.

आजोबा, वडील आणि मुलगा अशा सलग पिढ्यांत, तेही ऐन तारुण्यात मधुमेह दिसून येणारा आणखी एक आनुवंशिक प्रकार आहे. त्यातील एका उपप्रकारात मेटफॉर्मिनपेक्षा सल्फोनिल्युरिया गटातील गोळीने उपाशीपोटीची रक्तशर्करा जवळजवळ पाचपट अधिक उतरते, असे २००३ मध्ये आढळले. घरातील आजाराचा इतिहास डॉक्टरांना सविस्तर सांगणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

याच गोळ्यांबाबत एक सावधगिरीही आहे. यकृतातील एक विकर त्यांची मोडतोड करते. काही व्यक्तींमध्ये हे विकर जन्मतः मंद असते. त्यांच्या शरीरात गोळी अधिक काळ रेंगाळते व थोड्या मात्रेतही अधिक परिणाम करते. वृद्ध व जेवणाच्या वेळा न सांभाळता येणाऱ्या रुग्णांना घाम सुटणे, हातपाय थरथरणे, भोवळ येणे अशा तक्रारी झाल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये.

आतड्यांतील अदृश्य वस्ती

जनुके जन्मतःच ठरलेली असतात. दुसरा धागा मात्र आहाराप्रमाणे, वयाप्रमाणे व औषधांप्रमाणे बदलणारा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा २०१६ मधील अंदाज आहे. माणसाच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण याच घरात जाते. बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा कोंडा व तंतू ते आंबवितात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि पित्ताम्लांत फेरफार घडवितात.

२०१२ व २०१३ मध्ये चीन व युरोपातील संशोधकांनी मधुमेही व निरोगी व्यक्तींच्या आतड्यांतील जीवाणूंची तुलना केली, तेव्हा दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. हे कोडे २०१५ मध्ये सुटले. डेन्मार्क, स्वीडन व चीन येथील माहिती एकत्र पाहता असे दिसून आले की, मधुमेहाचा म्हणून मानलेला पुष्कळसा फरक प्रत्यक्षात मेटफॉर्मिनचा होता. गोळीच आतड्यांतील वस्ती बदलत होती. या बदलांत आतड्यात वायू निर्माण करू शकणाऱ्या जीवाणूंची वाढही होती. गोळी घेणाऱ्यांच्या पोटफुगीचे एक कारण त्यात असावे.

मग प्रश्न असा उभा राहिला की, जीवाणूंतील हा बदल औषधाचा केवळ दुष्परिणाम आहे, की औषधाच्या गुणाचाच तो एक भाग आहे? स्वीडन व स्पेनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये याचा छडा लावला. यापूर्वी मधुमेहाचे कोणतेही औषध न घेतलेल्या ४० रुग्णांपैकी २२ जणांना चार महिने मेटफॉर्मिन व १८ जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या आतड्यांतील जीवाणूंत ठळक बदल झाले. त्यानंतर काही रुग्णांचे औषधापूर्वीचे व औषधानंतरचे जीवाणू पूर्णतः जीवाणूरहित वाढविलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. औषधानंतरचे जीवाणू मिळालेले उंदीर साखर अधिक चांगल्या प्रकारे पचवू लागले. त्या उंदरांना औषध दिलेले नव्हते. गुण जीवाणूंबरोबर आला होता.

हे कसे घडते, याचा एक मार्ग चीनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविला. मेटफॉर्मिनमुळे एका विशिष्ट जीवाणूची संख्या घटते, त्यामुळे आतड्यातील एक पित्ताम्ल वाढते आणि ते पित्ताम्ल आतड्याच्या भिंतीतील संदेशवहन बदलून रक्तशर्करेवर अनुकूल परिणाम करते. आतड्याच्या श्लेष्मल थरात राहणारा अकरमॅन्सिया नावाचा जीवाणूही मेटफॉर्मिनमुळे वाढतो आणि तो उंदरांत रक्तशर्करा सुधारण्यास साह्य करतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

जीवाणूच औषध निकामी करतात तेव्हा

मेटफॉर्मिन जीवाणूंना बदलते, तर काही जीवाणू औषधालाच बदलतात. अकार्बोज ही गोळी पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर करणाऱ्या विकरांना अडवून जेवणानंतरची रक्तशर्करा एकदम वाढू देत नाही. हे औषध मुळात मातीतील एका जीवाणूपासून मिळते. २०२१ मध्ये असे सिद्ध झाले की, माणसाच्या तोंडातील व आतड्यातील काही जीवाणूंपाशी अकार्बोजला फॉस्फेटची जोड देऊन ते निकामी करणारी विकरे असतात. मातीतील जीवाणूंनी स्वसंरक्षणासाठी वापरलेली युक्तीच जणू माणसाच्या पोटात दुसऱ्या जीवाणूंच्या हाती आहे.

अकार्बोजबाबत चीनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही बोलका आहे. उपचारापूर्वी ज्यांच्या आतड्यांत बॅक्टेरॉइडीस गटातील जीवाणूंचे प्राबल्य होते, त्यांना या औषधाचा लाभ प्रिव्होटेला गटाचे प्राबल्य असलेल्यांपेक्षा अधिक झाला. आता धान्य, डाळी व भाजीपाला यांवर आधारित आहार घेणाऱ्या भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला गटाचे प्रमाण मोठे असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे परदेशातील निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडील प्रयत्न

या कारणाने आपल्या लोकांचा अभ्यास आपल्याच भूमीवर होणे अगत्याचे आहे. पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीय मधुमेही रुग्णांच्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास झाला आहे. पुण्याच्याच के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. भारतीय बालक जन्मतः वजनाने हलके असूनही त्याच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यातून पुढे आले. भारतीय माणसाला युरोपीय माणसापेक्षा कमी वयात व कमी वजनात मधुमेह का होतो, हे समजण्यास या कामाची मदत झाली. चेन्नई व डंडी येथील संस्थांनी भारतीय रुग्णांना कोणते औषध अधिक लागू पडते, याचा अभ्यास एकत्रितपणे हाती घेतला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पातून देशातील निरनिराळ्या समाजगटांतील १० हजार व्यक्तींच्या जनुकीय आराखड्यांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली.

गावपातळीवर याचा अर्थ काय?

या साऱ्या संशोधनामुळे उद्याच प्रत्येक रुग्णाची जनुके व जीवाणू तपासून गोळी ठरविता येईल, असे मात्र नाही. टाइप २ मधुमेहात अशा तपासण्यांवरून औषध निवडण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही. जाहिराती पाहून महागड्या जनुकीय तपासण्या करून घेणे किंवा पोटातील जीवाणू सुधारतील म्हणून बाजारातील पुड्या विकत घेऊन डॉक्टरांची गोळी बंद करणे, हे हानिकारक ठरेल. विरळ आनुवंशिक प्रकारांत जनुकीय तपासणीचा उपयोग निश्चित आहे. तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यावयाचा आहे.

या ज्ञानातून आज हाती घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यावे, कमी मात्रेने सुरुवात करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू वाढवावी. पोट बिघडत असेल, तर औषध सावकाश सोडणाऱ्या प्रकारची गोळी अनेकांना मानवते. तशी मागणी डॉक्टरांकडे करता येते. चालू असलेल्या इतर सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींनी याबाबत विशेष दक्ष राहावे. तळपायांना मुंग्या येणे, थकवा जाणवणे अशा तक्रारी सांगाव्यात. मूत्रपिंडांची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. आणि औषधाचा गुण येत नसेल, तर गोळी परस्पर बंद न करता एचबीए१सी तपासणीच्या आधारे औषध बदलून घ्यावे.

घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने "गोळी घेता का?" या प्रश्नाबरोबरच "गोळी मानवते का?" असा दुसरा प्रश्न विचारल्यास पुष्कळ गोष्टी उजेडात येतील. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल, तेव्हा पंचायत सदस्यांना हा मुद्दा मांडता येईल. वर्गात आनुवंशिकता शिकविताना शिक्षकांना मटारच्या दाण्यांबरोबर मधुमेहाच्या गोळीचेही उदाहरण देता येईल. ज्या मुलाने ते ऐकले असेल, तो घरी आजीच्या बंद पडलेल्या गोळ्यांची चौकशी करील.

औषध खिडकीपुढील त्या दुसऱ्या रुग्णाला दोष देऊन परत पाठविले, तर काही वर्षांनी तो डोळ्यांची, पायांची वा मूत्रपिंडांची व्याधी घेऊन परत येण्याचा संभव आहे. त्याची तक्रार ऐकून घेतली, मात्रा व गोळी बदलून पाहिली, तर त्याच केंद्रातील उपलब्ध औषधांतून त्याच्या प्रकृतीला मानवणारा उपाय बहुधा सापडेल. नोंदवहीत "औषध घेत नाही" असे लिहिण्यापूर्वी "का घेत नाही" हे विचारून लिहिले जावे. या संशोधनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर मिळणारा लाभ हाच आहे.